दस्तीखालचा पासवर्ड

आमच्या लातूरच्या ऑफिसात कुणाचा पासवर्ड कधी सरणार, हे कॉम्प्युटर सांगत नसे, आप्पा सांगत. म्हणजे कॉम्प्युटरही सांगायचा. सकाळी चालू केला की कोपऱ्यात एक पिवळी पट्टी यायची. पण ती पट्टी वाचलेला माणूस मी सगळ्या नोकरीत पाहिला नाही. लोक तिच्यावरची फुली दाबायचे आणि कामाला लागायचे. आप्पांवर फुली दाबायची सोय नव्हती. ते टेबलापुढे येऊन उभे राहायचे. पांढरा शर्ट, कपाळाला भस्माचे पट्टे आणि खांद्यावर घडी घातलेली पांढरी दस्ती. दस्ती म्हणजे आमच्याकडे हातरुमाल, पण आप्पांची दस्ती त्या मापाची नव्हती. तिच्यात आठवड्याची ज्वारी बांधून नेता आली असती.

"कंधारवाले, तुमची मुद्दत उद्या भरायली. आज येळ काढा."

मी कंधारचा, म्हणून कंधारवाले. आप्पांनी ऑफिसात कुणालाच नावाने हाक मारली नाही. निलंग्याचे ते निलंगेवाले, मुखेडचे ते मुखेडवाले. स्वतः ते उदगीरचे, आणि उदगीर हे गाव नसून एक पदवी आहे, असा त्यांचा एकंदर चेहरा असे.

आमचं ऑफिस जिल्ह्याच्या पाण्याचं. विहिरी, बोअर, नळयोजना आणि दुष्काळ पडला की टँकर. आप्पांचा हुद्दा कागदोपत्री काहीतरी वेगळाच होता, पण कॉम्प्युटरचं जाळं सांभाळणारा माणूस म्हणजे तेच. पूर्वी पंपांचे सुटे भाग ठेवायची एक खोली होती. तिच्यात सर्व्हर आणून ठेवला, त्याच्यासाठी एसी बसवला आणि त्या दोघांसाठी आप्पांना बसवलं. खोलीला ग्रीसचा वास शेवटपर्यंत राहिला. आप्पा दाराबाहेर चपला काढून आत जायचे, खुर्चीवर मांडी घालायचे आणि कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडायचे. तिच्यात एक आज्ञा दिली की लातूर शाखेतल्या सगळ्यांची नावं आणि पुढे तारखा उतरायच्या: पासवर्ड कधी ठेवला, कधी सरणार. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचा सरायचाच. आप्पा ती नावं ओठ हलवत वाचत, आणि मग उठून फेरीला निघत.

फेरीला ते आवतन म्हणत. आवतन म्हणजे लग्नाकार्याचं बोलावणं. मी नवा असताना त्यांना म्हणालो होतो, "आप्पा, सगळ्यांना एक ईमेल टाका की. पायपीट कामून करायलाव?"

"तुमच्या घरी लग्नाला कसं बोलावतेत?"

"पत्रिका देतो."

"पत्रिका पोस्टमनबी टाकतो. आमच्यात माणूस उंबऱ्यापाशी आला तरच आवतन. न्हाई आला, तर लोक जेवायला येत न्हाईत. आन् त्यांचं बरोबरबी असतंय."

मी ईमेलचा विषय पुन्हा काढला नाही. आप्पांची फेरी मात्र रोज माझ्या टेबलावरून जात राहिली.

आता फेरीपर्यंत सगळं ठीक होतं. खरी गंमत पुढे. ज्याची मुदत भरलेली असे त्याच्यामागे आप्पा उभे राहायचे, खांद्यावरची दस्ती झटकून उलगडायचे आणि त्याच्या दोन्ही हातांवर, कीबोर्डसकट, पांघरायचे. मग पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे. "हं, ठेवा आता." त्या दस्तीखाली चाचपडत माणूस नवा पासवर्ड टाकायचा. पहिल्यांदा चुकायचा, दुसऱ्यांदा चुकायचा, आणि भिंतीकडे बघत आप्पा म्हणायचे, "सावकाश. बैल पळून न्हाई जायला."

बैलाचा संबंध असा, की आप्पांचे वडील उदगीरकडे बैलबाजारात दलाल होते. जुन्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा दलालाच्या रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून किंमत सांगत. भोवती बाजार भरलेला असला तरी भाव कळायचा तो त्या दोन हातांनाच. आप्पा लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून तो रुमाल बघत मोठे झाले. पुढे त्यांना बैलांऐवजी कॉम्प्युटर मिळाले, पण रुमाल सुटला नाही.

आम्ही चेष्टा करायला कमी केलं नाही. दस्ती हातावर पडली की निलंगेवाले, बैलाचं वय विचारावं तसं, विचारायचे, "आप्पा, किती दाती हाय?" मी एकदा त्यांना म्हणालो, "पडद्यावर नुसते ठिपके उमटतेत. कुणाला दिसायलंय?"

"पडद्यावर ठिपके," आप्पा म्हणाले. "बोटं तर बोटंच दिसतेत न्हवं?"

पासवर्डची चिठ्ठी कॉम्प्युटरला चिकटवून ठेवायची खोड आमच्याकडे बऱ्याच जणांना होती. अशी चिठ्ठी सापडली की आप्पा ती न वाचता काढायचे. न वाचता कशी काढायची, तर डोळे मिटून. मुखेडवाल्यांची एक चिठ्ठी तर त्यांनी तोंडात टाकून चावली आणि वर प्यायला पाणी मागितलं. मुखेडवाले नंतर चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. चिठ्ठी गेल्याचं त्यांना दुःख नव्हतं, ती आपल्या देखत खाल्ली याचं होतं.

आणखी एक वेड. मुदतीआधी पासवर्ड बदललेला त्यांना खपत नसे. "अजून दोन दिस हायेत. जितं काम कामून मोडायलाव?" शेवटचा दिवस उजाडला की मगच दस्ती निघायची. पुढे जे घडलं त्यात या वेडाचा हात होता, म्हणून सांगून ठेवतो.

आणि दुसरा हात होता नव्या जिल्ह्याचा. उदगीरचा वेगळा जिल्हा होणार, ही बातमी आमच्याकडे उन्हाळ्यासारखी दरसाल यायची. या पंधरा ऑगस्टला जाहीर होणार, नाही झाला तर सव्वीस जानेवारीला नक्की. उदगीरच्या माणसांना विचारलं तर कलेक्टर ऑफिस कुठे होणार, त्याच्या समोर चहाची टपरी कुणाची असणार, इथपर्यंत ठरलेलं असे. आप्पांचं म्हणणं साधं होतं. जिल्हा झाला की आपली बदली घरी. रोजचं लातूर-उदगीर एसटीचं जाणं-येणं संपणार, आणि निवृत्तीपर्यंतची वर्षं आपल्या गावात, आपल्या जिल्ह्याच्या सर्व्हरपाशी निघणार. नुसती वाट बघत बसणारा हा माणूस नव्हता. त्यांनी कॉम्प्युटरवर लातूर शाखेच्या शेजारी दुसरी शाखा उघडली आणि तिला 'नवा जिल्हा' असं नाव दिलं. आयत्या वेळी धावपळ नको. शाखा रिकामी चांगली दिसत नाही, म्हणून तिच्यात एक माणूस टाकला. स्वतः. सरकारला जे जमलं नव्हतं, ते आप्पांनी सर्व्हरच्या खोलीत मांडी घालून करून ठेवलं होतं. नवा जिल्हा, लोकसंख्या एक.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मग ते दुष्काळाचं साल आलं. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेच. नळाला पाणी कधी येईल हे कुणी विचारतही नसे. हॉटेलात कागदी ताटं आली, शिकवण्यांची पोरं गावोगाव परतली, लोकांनी पाहुण्यांना येऊ नका म्हणून फोन केले, आणि पाहुण्यांनी त्याचा राग मानला नाही. आमच्या सर्व्हरच्या एसीतून थेंबथेंब पाणी गळायचं. आप्पांनी त्याखाली बादली लावली. त्या पाण्यात ते रोज दस्ती खळबळून काढत आणि उरलेलं पाणी बाहेरच्या बेलाच्या झाडाला घालत. ज्या ऑफिसातून जिल्ह्याला पाणी जायचं, त्या ऑफिसात पाण्याची एवढीच एक धार होती. चिठ्ठ्या चावायचंही त्यांनी बंद केलं. वर प्यायला पाणी कोण देणार? ते नुसत्या फाडायला लागले.

टँकरचं काम असं चालायचं. प्रत्येक तालुक्यात आमचा एक कॅम्प, कॅम्पवर एक इंजिनिअर. कोणत्या गावाला किती खेपा, याचा आदेश रोज सकाळी त्या इंजिनिअरने स्वतःच्या नावाने कॉम्प्युटरवर काढायचा. आदेश निघाला की भरण्याच्या विहिरीवरचा माणूस टँकरला पाइप लावणार, नाही तर नाही. आधी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या चालत, पण खोट्या खेपांची बोंब झाल्यावर त्या बंद झाल्या. साहेबसुद्धा आदेश काढू शकत नव्हते, त्यांना नुसता दिसायचा. ज्याचं नाव, त्याची जबाबदारी.

अहमदपूरच्या कॅम्पवर एक मॅडम होत्या. नव्यानेच लागलेल्या, बारीक आवाजाच्या, कामाला वाघ. त्यांच्या हद्दीत डोंगरावर एक वाडी होती आणि त्या वाडीत माझी थोरली बहीण दिलेली. अक्का. वाडीतली विहीर पौषातच आटली होती. टँकर एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी घागरीच्या तळाशी गाळ उरायचा. अक्का मला फोन करायची तो भावाला म्हणून नाही, पाण्याच्या ऑफिसातला माणूस म्हणून. "आज कधी निघतंय रे?" एवढंच विचारायची.

मॅडमचा पासवर्ड सरायला आला. त्या कॅम्प सोडून लातूरला येऊ शकत नव्हत्या आणि कॅम्पच्या लॅपटॉपवरून बदल होत नव्हता. त्याला वाट एकच. आप्पांच्या लॅपटॉपला एक खास दार होतं, त्यातून ते कुठूनही ऑफिसच्या जाळ्यात शिरू शकत. आप्पा मॅडमना मीटिंगला आल्या तेव्हाच सांगून बसले होते, की तुम्ही काळजी करू नका, मी लॅपटॉप घेऊन तुमच्या उंबऱ्यापाशी येतो. आणि गेले ते अर्थात शेवटच्या दिवशी. मुदतीआधी मोडायचं नाही ना.

सकाळच्या एसटीने ते अहमदपूरला पोचले. मॅडम आदेश काढायला बसल्या तेव्हा त्यांचा पासवर्ड नुकताच सरला होता. आप्पांनी शांतपणे लॅपटॉप उघडला, स्वतःचा पासवर्ड टाकला. दार उघडेना. पुन्हा टाकला. मग खालची ओळ वाचली. त्यांचा स्वतःचा पासवर्डही आदल्या रात्री सरला होता.

रोज सगळ्यांच्या तारखा बघणाऱ्या माणसाची स्वतःची तारीख कशी चुकली? सोपं आहे. ते रोज बघायचे ती लातूर शाखेची यादी. दोन महिन्यांपासून त्यांचं नाव त्या यादीत नव्हतंच. ते नव्या जिल्ह्यात होतं.

साहेबांच्या केबिनमध्ये फोन स्पीकरवर होता आणि मी समोर उभा होतो. सकाळपासून अक्काचे फोन येत होते.

"साहेब, माझीच मुद्दत भरली," आप्पांचा आवाज आला. "दार उघडंना." आणि नव्या जिल्ह्याची हकिकत त्यांनी चार वाक्यांत सांगून टाकली. साहेब पुण्याचे. उदगीर जिल्हा झाला आहे की नाही, याची त्यांनी आधी माझ्याकडे बघून खात्री करून घेतली.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "तुमचा जुना पासवर्ड सांगा. हे इथे बसून नवा ठेवतात आणि तुम्हाला कळवतात. पाच मिनिटांचं काम आहे."

"न्हाई साहेब. सांगता येत न्हाई."

"मग मॅडमचा सांगा. इथे ऑफिसात बदलता येतो ना? मी बदलतो, मीच आदेश काढतो. गावं ताटकळली आहेत आप्पा, पाणी जायला हवं."

साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. त्यांना त्या वेळी खरोखर फक्त पाणी जायला हवं होतं. मलाही.

पलीकडून मॅडमचा आवाज आला. "सर, मी सांगते. लिहून घ्या, पहिलं अक्षर..." आणि आवाज तुटला. आप्पांनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला होता.

"साहेब, आदेश मॅडमच्या नावानं निघतोय. उद्या कुणी इचारलं तर जबाब मॅडमनं द्यायचाय. मग हात बी त्यांचाच पायजे. आम्ही दोघं निघालोत. जीप घावली की आलोच."

फोन बंद. साहेबांनी पेन टेबलावर टाकलं. मी बाहेर व्हरांड्यात आलो, तर पुन्हा अक्काचा फोन. काय सांगू तिला? आमच्या आप्पांना पासवर्ड बोलून दाखवता येत नाही, म्हणून तुझ्या घागरी उताण्या पडल्यात? मी म्हणालो, उशीर होईल. ती म्हणाली, "किती?" मी म्हणालो, माहीत नाही. त्या दिवशी आप्पा समोर असते तर मी त्यांच्या तोंडावर काहीही बोललो असतो. इतका राग मला ऑफिसात कुणाचा आला नव्हता.

दोघं आले तेव्हा जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. मॅडमच्या ओढणीवर रस्त्याची धूळ, आप्पांच्या भस्मावरून घाम ओघळलेला. ते सरळ सर्व्हरच्या खोलीत गेले. साहेब, मी, निलंगेवाले, मुखेडवाले, सगळे मागोमाग. त्या गडबडीतही चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या. मग स्वतःच्या हातांवर स्वतःची दस्ती पांघरली आणि मान न वळवता म्हणाले, "तोंडं फिरवा."

आणि आम्ही फिरवली. साहेबांसकट. ऑफिसातली सगळी वजनदार माणसं ग्रीसचे डाग पडलेल्या भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि मागे दस्तीखाली टकटक चालली होती. हसायला यावं असा प्रसंग होता, पण कुणी हसलं नाही. मग मॅडम बसल्या. त्यांचंही दोनदा चुकलं. "सावकाश," आप्पा म्हणाले. बैलाचं नाव मात्र त्यांनी त्या दिवशी काढलं नाही.

आदेश निघाला. टँकर वाडीत पोचला तेव्हा दिवस मावळत होता. अक्काने फोन करून "आलं" एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

साहेबांनी आप्पांकडे खुलासा मागितला. आप्पांनी तो उभ्यानेच दिला. "चूक माझीच हाय. माझं नाव मी भलत्या जिल्ह्यात ठेवलं." साहेबांनी समोरची फाइल मिटली. त्यांनी "या" म्हटलं.

शनिवारी आप्पा माझ्या टेबलापाशी आले. माझी मुदत भरली नव्हती आणि आठवडाभर मी त्यांच्याशी तुटकच होतो. "कंधारवाले, तुमच्या अक्काच्या वाडीला कसं जायचं?"

"कशाला?"

"सांगून यायचंय."

"फोन लावून देतो."

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. फोनवर आवतन होत नाही, तसं हेही होत नसणार. रविवारी आम्ही दोघं गेलो. अहमदपूरपर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे डोंगराची चढण पायी. आप्पांनी पाण्याची बाटली बरोबर घेतली होती आणि वाटभर तिला तोंड लावलं नाही.

अक्काने घोंगडी टाकली. आप्पांनी कोण, कुठले ते सांगितलं आणि म्हणाले, "त्या दिशी तुमचं पाणी माझ्यामुळं अडलं."

अक्का स्पष्ट बोलते. "फोनवर सांगाया काय झालतं? एक शब्दच होता न्हवं? मामंजींना गोळी घ्यायला घरात पाणी न्हवतं. शेजारणीनं तांब्या दिला. तिच्याकडं बी तेवढंच होतं."

आप्पांनी दस्तीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग त्यांनी वडिलांची एक गोष्ट सांगितली. ऑफिसात इतकी वर्षं चेष्टा सोसली, पण ही त्यांनी कधी काढली नव्हती. वडिलांचा एक नेहमीचा शेतकरी होता. त्याचा देवणी खोंड बाजारात आला, पण तो स्वतः तापाने घरी पडलेला. गिऱ्हाईक चांगलं होतं, भाव चांगला होता, ते निघून चाललं होतं. वडिलांनी मालकाच्या नावाने स्वतःचाच हात रुमालाखाली घातला आणि खोंड विकून टाकला. भावात जराही खोट नव्हती. संध्याकाळी मालकाच्या घरी गेले, तर तो म्हणाला, भाव बरोबर हाय, पण मी हात दिला नव्हता. खोंड तोवर बिदरच्या वाटेला लागला होता. तो माणूस नंतर जन्मात वडिलांशी बोलला नाही. "आन् बाबानं पुन्हा बाजारात रुमाल काढला न्हाई," आप्पा म्हणाले. "दुकान टाकलं."

अक्काने सगळं ऐकून घेतलं. "तुमच्या बाबाचं खरं हाय, आप्पा. पण म्हणून आमची तहान खोटी होत न्हाई."

"न्हाई होत," आप्पा म्हणाले. "ते सांगायलाच आलो. पासवर्ड सांगितला न्हाई, त्याचा पस्तावा मला न्हाई. उद्याबी सांगणार न्हाई. पण माझी स्वतःची मुद्दत मी बघितली न्हाई, त्यानं तुमच्या घागरी मोकळ्या राहिल्या. ती चूक माझी."

अक्का उठून आत गेली. मला वाटलं आता संपलं. पण तिने चुलीवर चहाचं पातेलं ठेवलं. "अर्धा कप घ्या. जास्ती न्हाई जमणार."

आप्पा बाटली घेऊन उंबऱ्यापाशी गेले. "पाणी माझं घ्या, अक्का." तिने नको म्हटलं नाही. पातेल्यात आमच्या तिघांचं पाणी ओतून बाटलीत जे उरलं, ते आप्पांनी तिच्या तांब्यात रिकामं केलं. परत येताना जीपमध्ये दोघांचे ओठ सुकले होते. माझा राग तिथेच गेला. तो माणूस मला आवडतो, हे मला त्या जीपमध्ये कळलं.

उतरताना ते म्हणाले, "कंधारवाले, आजपासून माझी मुद्दत तुम्ही बघायची. आपल्याच कार्याचं आवतन आपल्याला कोण देतंय? ध्यानातून जातं."

"त्यापेक्षा नाव लातूरच्या यादीत आणा की. रोज दिसेल."

"न्हाई," आप्पा म्हणाले. "ते हाय तिथंच राहू द्या."

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी उठून सर्व्हरच्या खोलीपाशी जायचो, चपला काढायचो आणि सांगायचो, "आप्पा, तुमची मुद्दत उद्या भरायली." ते प्रत्येक वेळी दचकल्यासारखे करून उठून उभे राहत. पुढे कधी टँकरची चौकशी लागली आणि मॅडम त्यातून सुटल्या, असं काही झालं नाही. कुणी काही विचारलंच नाही. मॅडम बदलून नांदेडला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मी तर अक्षरं सांगायला लागलेच होते हो."

आप्पा निवृत्त झाले आणि ते काम माझ्याकडे आलं. मी दस्ती वापरत नाही, मला ते शोभणार नाही. पण टेबलापाशी चालत जातो आणि समोरचा टाइप करायला लागला की तोंड भिंतीकडे करतो. नवी पोरं हसतात. हसू देत.

मग वरून हुकूम आला, की जे लोक आता कामावर नाहीत त्यांची खाती जाळ्यातून काढून टाका. लातूरची यादी मी दुपारपर्यंत साफ केली. राहिला नवा जिल्हा. त्यात एकच नाव, आणि त्यापुढे 'मुदत संपली'. एक बटण दाबायचं काम होतं. मी दाबलं नाही. रविवारची उदगीरची एसटी धरली.

आप्पा पुतण्याच्या आडतीवर बसले होते. केस पांढरे झालेले, भस्म तसंच, दस्ती तशीच. मी चपला काढून समोर उभा राहिलो तसे ते उठले. "आवतन घेऊन आलाव?"

"हाव आप्पा. तुमचं खातं काढून टाकायचा हुकूम आलाय. म्हटलं, सांगून यावं."

"फोन केला असता."

"केला असता तर तुम्ही जेवायला आला नसतात."

ते हसले. पुन्हा खाली बसून पुतण्याला चहा सांगितला. बाहेर हमाल सोयाबीनची पोती उतरवत होते, त्यांच्याकडे त्यांनी नजर टाकली. मग विचारलं, "आन् जिल्हा?"

"यंदाबी न्हाई."

त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली, मांडीवर ठेवून तिची घडी घातली, पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली.

"मग काढून टाका," ते म्हणाले. "माणूस तिथं नसताना त्याचा हात रुमालाखाली ठेवू नये."

सोमवारी ऑफिसात येऊन मी ते नाव काढून टाकलं. नवा जिल्हा मात्र काढला नाही. तो काढा असं हुकुमात कुठे लिहिलेलं नव्हतं.